धरणावर करण्यासारखं काय काय आहे

धरणात गाळ साचतो तसे माझ्या टपरीत किस्से साचतात. गाळ उपसायला सरकार अधूनमधून एखादी योजना तरी काढतं, किश्श्यांना तीही सोय नाही. संध्याकाळी गॅस बंद केला की आम्ही तिघं बसतो. मी, जीपवाला बाळाराम आणि दत्तू. कुणीतरी म्हणतं, "त्या दिवसाचं आठवतं का रं?" आणि झालं, मग कुणाला घर आठवत नाही. हसायचे किस्से आम्ही हसून सांगतो आणि रडायचेही हसूनच सांगतो. रडत सांगितले तर दुसऱ्या दिवशी टपरी उघडायचा धीर होणार नाही.

कर्जतकडच्या कशेळ्याहून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं धरण. बांधावर माझी चहा-भज्यांची टपरी. बाळाराम कशेळ्याहून माणसं आणून सोडतो. दत्तूचं खाली भाताचं शेत आहे, पहाटे तो जाळं टाकून मासे धरतो. आणि पाण्यात कुणी गेलं, की त्याला बाहेर काढायलाही दत्तूच लागतो. म्हणजे बहुतेक वेळा, जे उरलंय ते काढायला.

*

कुणीतरी मोबाइलवर आमच्या धरणाचा व्हिडिओ टाकला. "मुंबईजवळचं स्वित्झर्लंड!" व्हिडिओत पाणी निळंशार, डोंगरावर पांढरंशुभ्र काहीतरी. ते ढग होते की मोबाइलची करामत, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या रविवारपासून रांग लागली. जो तो उतरला की मला विचारणार, "काका, इथे करण्यासारखं काय काय आहे?"

मी पहिल्यांदा सरळ उत्तर द्यायचो. पाणी बघा, भजी खा, अंधाराच्या आत निघा. हे ऐकून लोकांचं तोंड एवढंसं व्हायचं. एका गृहस्थांनी बाळारामला विचारलं, "तो स्विस पॉइंट कुठे आहे?"

बाळारामने शांतपणे हात केला. "त्या म्हशी बसल्यात ना, तिथून डावीकडं."

गृहस्थ खरंच गेले, फोटो काढून आले आणि खूश होऊन परत गेले. जिवंत परत गेले, एवढंच आम्ही बघतो.

*

आता चपलांची गोष्ट सांगायला हवी.

माणूस पाण्यात उतरताना चपला, बूट काठावर काढून ठेवतो. घरात शिरताना काढतो तशा, नीट जोडीने. तो वर आला नाही तर त्या तिथंच राहतात. आमच्याकडे त्या कुणी उचलत नाही. माणूस सापडेपर्यंत चपला हलवायच्या नाहीत, हलवल्या तर तो सापडत नाही, असं जुने लोक सांगायचे. खरं-खोटं आम्ही कधी तपासलं नाही. असल्या गोष्टी तपासायच्या नसतात.

त्यामुळे दत्तू स्वतःच्या चपला कधीच काठावर ठेवत नाही. उतरायच्या आधी त्या काढतो आणि माझ्या हातात देतो. "हरी, खाली ठेवू नको." एवढंच बोलतो. मग तो वर येईपर्यंत मी त्या चपला छातीशी धरून उभा. बसायचं नाही, चहा प्यायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. तो बाहेर आला की चपला पायात सरकवतो, तेव्हा माझा श्वास सुटतो.

एकदा मी असा उभा असताना ठाण्याकडची चार पोरं आली. समोर दत्तू पाण्यात, काठावर कुणाची तरी बायको ऊर बडवतेय आणि ही पोरं मला म्हणतात, "अंकल, शूज स्टँड आहे का? आमचेपण ठेवा ना, आम्हीपण जरा उतरतो."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण बाळाराम पुढे झाला. "द्या की," म्हणाला. चौघांचे बूट गोळा केले, जीपमध्ये टाकले आणि जीप घेऊन निघून गेला! थेट कशेळ्याच्या बाजारात.

पोरं पाण्याचं विसरली. अनवाणी, खडीवरून 'आई गं, आई गं' करत जीपच्या मागे. बाजारात पोचल्यावर एकाने पोलिसांना फोन लावला. हवालदार आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकेका पोराच्या पायाकडे बघितलं आणि बाळारामला म्हणाले, "पुढच्या वेळी मोजेपण घे रे."

तेव्हापासून बाळारामची ही पद्धतच झाली. त्याचं म्हणणं, बूट काढलेला माणूस पाण्यात जातो, पण बूट हरवलेला माणूस बूटच शोधत बसतो.

*

माझ्या टपरीवरचं निळं प्लास्टिक दरवर्षी नवं असतं. लोकांना वाटतं वाऱ्याने फाटत असेल. वाऱ्याने नाही. दत्तू ज्याला बाहेर काढतो, त्याच्यावर घालायला काहीतरी लागतं. अँब्युलन्स येईपर्यंत पोरगं तसंच उघडं ठेवणार काय? मग मी दोऱ्या सोडतो. प्लास्टिक त्याच्याबरोबर जातं आणि पाऊस माझ्या कढईत पडायला लागतो.

एकदा असंच प्लास्टिक गेलेलं, मी छत्री धरून उभा. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "कांदाभजी गरम आहेत ना?" समोर पोलिसांचा पंचनामा चालू होता. मी काय सांगणार? गरम होती. मी दिली.

त्या दिवशी प्लास्टिक ज्याच्यावर घातलं, त्या पोराचे वडील दिवाळीनंतर आले. मी ओळखलं नाही. पिशवीतून त्यांनी नवीन प्लास्टिक काढलं, घडी न मोडलेलं. म्हणाले, "तुमचं परत करायचं राहिलं होतं."

चहा प्यायले. पाण्याकडे पाठ करून बसले होते. जाताना म्हणाले, "जरा जाड बघून आणलंय."

ते प्लास्टिक मी टपरीवर घातलं नाही, घरी माळ्यावर ठेवलं. ते कुणावर घालायची माझी छाती नाही.

*

दत्तूच्या कानातून पाणी यायला लागलं, मग रक्त. मंदा वहिनी, म्हणजे दत्तूची बायको, त्याला ओढत कर्जतला डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही होतो सोबत. डॉक्टरांनी तपासलं आणि कानाजवळ तोंड नेऊन बजावून सांगितलं, "उजवा कान गेलेला आहे. आता खोल पाण्यात जायचं नाही. आत चक्कर आली तर वर कुठे, खाली कुठे, तेच कळणार नाही. खालीच राहाल."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय रं, ऐकलंस ना डॉक्टर काय बोलले?"

"कुठं?" दत्तू म्हणाला. "उजव्या बाजूला बसलं होतं ते. मला काय बी आलं नाय ऐकू."

मी हसलो. मंदा वहिनी हसली नाही. "मला आलंय," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने पोरीला, सोनालीला, समोर बसवलं आणि दत्तूचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला. "बोला. परत खोल पाण्यात उतरणार नाय, पोरीची आन."

सोनाली बारावीला, ती बिचारी मान खाली घालून बसलेली. शेवटी दत्तू बोलला, "आन."

आमच्याकडे पोरीची आन म्हणजे गंमत नव्हे. बाप मोडतो आणि पोर फेडते, असं मानतात. मंदा वहिनीचा त्यावर पुरा विश्वास. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर बरं वाटलेलं दिसलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चपला धरून उभं राहणं सोपं नसतं.

*

त्यानंतरच्या पावसाळ्यात कल्याणकडचा एक माणूस गेला. दत्तू उतरला नाही. बोटवाली टीम आली, त्यांनी शोधलं आणि सापडला. चांगली माणसं आहेत ती, जीव तोडून काम करतात.

दत्तू तेवढा वेळ माझ्या टपरीमागे बसून होता. मी टपरीच्या आतून बघत होतो. त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या. इकडेतिकडे बघितलं. द्यायला कुणी नाही असं बघून परत पायात घातल्या. थोड्या वेळाने परत काढल्या.

"काय करतोस रं?" मी विचारलं.

"काय नाय," म्हणाला. "चावतायत."

*

आणि हा परवाच्या श्रावणातला.

डोंबिवलीचा पोरगा. मित्रांबरोबर आला होता, उतरला आणि गेला. टीम दोन दिवस शोधत होती. धरण बांधलं तेव्हा खालची झाडं तशीच पाण्याखाली गेली, त्या फांद्यांत त्यांचे दोरीला बांधलेले लोखंडी गळ अडकत होते. त्याचे बूट काठावर होते. पांढरे, मोजे आत खुपसून ठेवलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामच्या जीपमधून त्याची आई आली. सोबत एक भाऊ होता, तो पोलिसांच्या मागे फिरत राहिला. ती बाई सरळ बुटांपाशी जाऊन बसली. रडणं नाही, ओरडणं नाही. एकदा तिने बुटांकडे हात नेला आणि माझ्याकडे बघितलं. "हे घेऊ का?"

"राहू द्या ताई," मी म्हणालो. का, ते सांगितलं नाही. तिने हात मागे घेतला.

मंदा वहिनीही आली होती. शपथ झाल्यापासून धरणावर गर्दी दिसली की ती येतेच. दत्तूच्या शेजारी येऊन बसते. भाकरी बांधून आणते, पण पहारा द्यायला येते हे सगळ्यांना माहीत आहे. दत्तूलाही.

मी चहा केला. मंदा वहिनीने तो त्या बाईला नेऊन दिला आणि तिच्याजवळ बसली. पाठोपाठ मी बिस्किटं घेऊन गेलो.

बाई म्हणाली, "घरून काही खाऊन निघाला नव्हता. म्हणाला, तिथे गरम भजी मिळतात." मग मला विचारलं, "तुमचीच टपरी ना ती? खाल्ली का हो त्याने?"

रविवारी माझ्याकडे किती पोरं खातात. सगळी सारखीच दिसतात, बॅगा आणि मोबाइल. मला त्याचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता.

"खाल्ली की," मी म्हणालो. "पोटभर खाल्ली. चटणी परत मागून घेतली."

बाईने मान डोलावली. "चटणी लागतेच त्याला," म्हणाली. आणि मग कप कलंडला, चहा पदरावर सांडला. मंदा वहिनीने तिच्या हातातून कप काढून घेतला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. बराच वेळ. दोघी पाण्याकडे बघत होत्या. बोट पलीकडच्या काठाला लागली होती, टीमची माणसं परत गळ सोडवत होती.

दत्तू टपरीमागे उकिडवा बसला होता. चपला हातात.

मंदा वहिनी उठली आणि त्याच्याकडे आली. तिला येताना बघून तो गडबडीने उभा राहिला, चपला पायात सरकवल्या. "चल गं," म्हणाला, "जातो मी घरी. चल."

ती हलली नाही. तिने त्या बाईकडे वळून बघितलं, मग सोनालीच्या कॉलेजची बस येते त्या रस्त्याकडे बघितलं. डोळे पुसले.

आणि दत्तूपुढे हात केला.

"द्या," ती म्हणाली. "चपला द्या माझ्याकडं."