हलू नकोस, रेकॉर्ड चालू आहे

ट्रकच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेल्या त्या माणसाला सगळे ‘काटेसाहेब’ म्हणत. ट्रक काट्यावर चढला की आसपास चिटपाखरूही हलू द्यायचं नाही, हा त्यांचा दंडक. नोकरी सुटली, दंडक मात्र घरी आला. तोही नव्याने लागलेल्या, रेकॉर्डवर गाणी ऐकायच्या नादावर बसून.

पहिला रेकॉर्ड प्लेयर सुटकेसएवढा, स्वस्तातला. आवाज डब्यात कोंडल्यासारखा, पण बायको त्याच्यासमोरून खुशाल ये-जा करायची. मग एकदा दुकानदाराने त्यांची रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली.

“साहेब, तुमची सुई गाणं वाजवत नाही, नांगरते. अशीच वाजवत राहिलात तर नुसती खरखर उरेल.”

झालं! नवा टर्नटेबल आला. साधाच, पण सुईचा भार कमी-जास्त करता येणारा. काटेसाहेबांनी श्वास रोखून तो जेमतेम दोन ग्रॅमवर आणला. आवाज असा मोकळा झाला की बायको हात पुसत दारात आली. नीट ऐकावं म्हणून तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि सुई उडाली.

“हलू नकोस!”

जमीन लाकडी, जुनी. पाऊल इकडे पडलं की टर्नटेबलखालचं कपाट तिकडे हले. आणि तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “जिना सध्या नको, पण संध्याकाळी घरातल्या घरात चाला. नाहीतर आखडेल तो कायमचा.” संध्याकाळ तर काटेसाहेबांच्या गाण्याची.

“एवढी बाजू संपू दे गं.”

बाजू संपली की दुसरी बाजू. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राही. “चांगली सुई आली की सुटलीस बघ,” ते म्हणत. चांगली सुई आली, ती आणखीच हळवी निघाली. रबरी चटई आली, टर्नटेबलच्या पायांखाली स्पंज आले. आता नळ सोडला तरी ते मान वळवून बघत. आवाज मोठा होत गेला, तिचं घर लहान.

एका संध्याकाळी ती उठायला गेली, तर गुडघा वाकेचना. टेबलाचा आधार घेत ती कशीबशी उभी राहिली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. भिंतीवरचं घड्याळ मात्र ढिम्म.

“अहो, तुमच्या काट्याला रस्त्यापासून वेगळा पाया होता ना?”

“होता तर! त्याशिवाय का वजन बरोबर येतं?”

“मग ह्याला भिंतीवर चढवा. जमीन मला राहू द्या.”

सुताराने भिंतीत जाड फळी ठोकून दिली. संध्याकाळी रेकॉर्ड लागली आणि ती काठी घेऊन निघाली. सुई जागची ढळली नाही.

“वा! डोकं आहे हं तुला!” काटेसाहेब खुलले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “अगं, आता सगळं इतकं स्वच्छ ऐकू येतंय ना… तुझी काठीसुद्धा. ठक ठक. जरा…”

ती थांबली. उचललेलं पाऊल सवयीने अधांतरीच राहिलं. मग तिने ते टेकवलं, काठीसकट.

“आवाज वाढवा मग.”

बाहेरच्या दारापर्यंत ती गेली. कडीवर हात ठेवून पलीकडच्या जिन्याचा अंदाज घेतला, आणि परत फिरली. ठक ठक.