चौथा भाग अंधारा होता

माझ्या भावाची नजर जात होती आणि आम्ही सगळे त्याच्याशी एका व्हिडिओ गेमवरून भांडत होतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला उगाच गंमत वाटायला नको. आम्हाला तेव्हा वाटली होती, ती पुरे झाली.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नव्वदच्या दशकात, आम्ही दोघं शाळेत असताना, बाबांनी बोनसच्या पैशातून मेन रोडवरून टीव्हीला जोडायचा गेम आणला. बाबा सातपूरला कारखान्यात होते, आम्ही सिडकोत राहायचो. त्या गेमबरोबर एक कॅसेट मिळाली होती. तिच्यात एक तलवारवाला माणूस किल्ल्याचे मजले चढत चढत वर जायचा. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, म्हणून आम्ही त्याला सरळ 'बुरुज' म्हणायचो. मग बुरुजचा दुसरा भाग आला, तिसरा आला, आणि पुढे ते येतच राहिले.

दादाचा जीव दुसऱ्या भागावर. तो सगळा भर उन्हातला आहे. पांढरी तटबंदी, निळं आभाळ, एका वेळी एकच शत्रू आणि तोही समोरून येणारा. दादा तो न मरता पूर्ण करायचा, वर माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. खेळताना तो टीव्हीपासून लांब बसायचा, वायर पोचेल तितका लांब, भिंतीला पाठ टेकून. आईला याचं भारी कौतुक होतं. शेजारणींना सांगायची, "तुमची पोरं टीव्हीत घुसतात, आमचा बघा कसा डोळ्यांना जपतो." आणि दादाला चष्माही नव्हता. गच्चीवर उभा राहून तो चौकातल्या बसची पाटी वाचून दाखवायचा. अशा मुलाच्या डोळ्यांत काही असेल हे कुणाच्या बापाला सुचलं असतं? जवळ बसलं की टीव्ही त्याच्या नजरेत मावत नव्हता, हे आम्हाला पुढे डॉक्टरांकडून कळलं.

तो दहावी झाला तोवर त्रिमूर्ती चौकाजवळ एका गाळ्यात गेम पार्लर निघालं होतं. तिथे दादाचे दोन मित्र जमायचे. एक बोलण्यात असा पटाईत की आम्ही त्याला वकील म्हणायचो, आणि दुसरा जाडा, जो शेवटी बोलणाऱ्याची बाजू घ्यायचा. मीही जायचे. तिथे येणारी मी एकटीच मुलगी, त्यामुळे गाळ्याचा मालक मला दाराजवळचा टीव्ही द्यायचा आणि दर थोड्या वेळाने "घरी माहितीये ना?" असं विचारायचा. खेळून झालं की आम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून वाद घालायचो. वादाचा विषय एकच, बुरुज कुठल्या भागापासून बिघडला.

वकिलाचं म्हणणं, पहिला भाग सोडला तर सगळी नुसती धूळफेक आहे. माझा तिसरा आवडता, कारण त्यात धनुष्यबाण मिळतो. दादा म्हणायचा की तिसऱ्याचा अर्धा भाग ठीक आहे, पण शेवटी तळघराचा टप्पा येतो ना, तिथूनच यांची वाट लागली. उगाच अंधार करून ठेवलाय, मेहनत घ्यायला नको. मी त्याच्यावर तुटून पडायचे. दादा पूर्व म्हणाला तर मी पश्चिम म्हणणार, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलंच होतं. भाजीत मीठ कमी आहे यावरसुद्धा आमचं कधी एकमत झालं नाही. आई म्हणायची, तुम्हा दोघांना एकाच घरात जन्माला घालून देवाने माझी परीक्षा घेतली.

मग चौथा भाग आला. तोवर घरी कॉम्प्युटर होता आणि सीडी पार्लरच्या मालकाने कुठून तरी कॉपी करून दिली होती. हा भाग रात्रीच्या किल्ल्यातला. दादा मांडीवर कीबोर्ड घेऊन, खुर्ची मागे सरकवून बसला आणि पहिल्याच जिन्यावर मेला. परत मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर त्याने कीबोर्ड आपटला.

"काही दिसतच नाही यात," तो म्हणाला. "कुठूनही माणसं काढतात. ही काय पद्धत आहे?"

"तो डावीकडून आला की," मी म्हणाले. "केव्हाचा दिसत होता."

"मग तूच खेळ."

मी खेळले आणि जिना पार केला. तो उठून बाहेर गेला आणि संध्याकाळभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्याने जाहीर केलं की बुरुज संपला, कंपनी पैसे खायला लागली, चौथा भाग अंधारा आहे. वकील म्हणाला, अरे जागोजागी मशाली आहेत. दादा म्हणाला, मशाली आहेत पण उजेड नाही. जाड्या आधी वकिलाच्या बाजूने होता, मग दादाच्या झाला. कित्येक महिने तोच वाद चालला. दादा मुद्दे काढायचा, उदाहरणं द्यायचा, आणि मला कबूल करायला हवं की चांगला बोलायचा.

त्यात कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत त्याला बुरुजच्या चाहत्यांची एक वेबसाइट सापडली. जगभरातली माणसं तिथे जमून हेच भांडत होती. दादाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की चौथ्या भागात फार अंधार आहे आणि शत्रू कुठून येतात ते कळत नाही. झालं. कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं आली, मित्रा, अगदी बरोबर, आम्हीही हेच म्हणतोय, मालिका रसातळाला गेली. दादा तरंगतच घरी आला. "बघ," मला म्हणाला, "सगळं जग माझ्या बाजूने आहे." त्या माणसांचा मला आजही राग येतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटत असेल. त्यांना अंधार आवडला नव्हता आणि याला दिसत नव्हतं, पण लिहिताना दोघांची वाक्यं तीच होती. एकट्या दादालाच तसं वाटतंय असं निघालं असतं, तर कदाचित त्याने कधी तरी स्वतःचे डोळे चोळून पाहिले असते.

चैत्रात आम्ही दोघं दिंडोरीला एका नातेवाइकांच्या हळदीला गेलो होतो. परत निघायला संध्याकाळ झाली. दादा गाडी चालवत होता, मी मागे. समोरून यात्रेकरू वणीच्या गडाकडे पायी निघाले होते, भगवे झेंडे, डोक्यावर गाठोडी, रस्त्याच्या दोन्ही कडांनी. अंधार अजून पुरता पडला नव्हता. मला ती माणसं लांबूनच दिसत होती आणि मला वाटलं दादा आता गाडी मधे घेईल. त्याने घेतली नाही. गाडीचं हँडल कडेने चालणाऱ्या एका बाईला लागलं, ती पडली, आम्हीही पडलो. दादा उठून उभा राहिला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "ही कुठून आली?"

माझा गुडघा फुटला होता, पण मी तो विसरले. हे वाक्य मी कित्येक महिने रोज ऐकत होते.

बाईचं मनगट सुजलं होतं. तिच्याबरोबरच्या म्हाताऱ्याने दादाच्या कानाखाली वाजवली. "डोळे फुटले का रं तुझे? येवढी मान्सं चालली, तुला दिसत नाय?" दादा गाल धरून उभा राहिला. उलटून बोलणं सोडाच, त्याने माफीसुद्धा मागितली नाही, ती मी मागितली. बाई बिचारी "जाऊ द्या, पोरगंच हाय," म्हणत उठून बसली.

घरी आल्यावर मी त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं. म्हटलं, तारखेकडे बघत राहा, मान हलवू नकोस. आणि मी त्याच्या कानाजवळून हात पुढे आणू लागले. "दिसला की सांग." माझा हात त्याच्या डोळ्यासमोर आला तेव्हा तो "हां" म्हणाला. दुसऱ्या बाजूनेही तेच. मी त्याच्यावर ओरडले, नीट बघ म्हणून. तो नीटच बघत होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा पडदा कडेकडून वाळत चाललाय, हळूहळू मधलंही जाईल, याला औषध नाही. आधी रात्रीचं कमी दिसायला लागतं, म्हणाले, आणि लहानपणापासून सुरू असेल तर मुलाला स्वतःलाही कळत नाही, त्याला वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं. मग त्यांनी विचारलं, "नात्यात लग्न आहे का?" आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाबांनी मान हलवली आणि आई पदराशी चाळा करत राहिली. माझेही डोळे तपासले. माझे चांगले निघाले. घरी येताना रिक्षात मला दादाच्या शेजारी बसवेना, मी पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.

डॉक्टरांनी एवढं स्पष्ट सांगूनही घरात कुणी ते ऐकलं नाही. निफाडहून मामा भेटायला आला. द्राक्षांची पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "लय गेम खेळायचं त्ये. दिवसभर त्या टीव्हीत डोळं घातल्यावर दुसरं काय व्हनार?" आईने ते वाक्य झेललं आणि पुन्हा कधी खाली ठेवलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगू लागली, गेमने डोळे खाल्ले पोराचे. जो मुलगा डोळ्यांना जपतो म्हणून ती चारचौघींत मिरवायची, त्याचंच हे. मी चिडून म्हटलं, आई, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस. ती म्हणाली, ऐकलं, पण मग मी कुणाला बोल लावू, सांग. कॉम्प्युटर विकला, जुना गेम कॅसेटींसकट भंगारवाल्याला दिला. दादा शेजारच्या खोलीत पडून होता.

मित्र येत राहिले, ते मात्र खरं. पण ते फार चांगले वागायला लागले. दादा काहीही बोलला तरी वकील म्हणायचा, बरोबर आहे तुझं. चौथा भाग भिकार? हो रे, भिकारच. पहिल्यापेक्षा दुसरा भारी? अर्थात. एकदा ते गेल्यावर दादा मला म्हणाला, "आज मी मुद्दाम म्हटलं की पाचवा सगळ्यात भारी आहे. मी तो बघितलेलाच नाही. तरी हो म्हणाले." त्यानंतर तो त्यांना टाळायला लागला. मी तेवढी भांडत राहिले. मला दया वगैरे जमत नाही, माझा स्वभावच तसा नाही. आंघोळीच्या पाण्यावरून, रेडिओच्या आवाजावरून, कशावरूनही भांडायचे, आणि भांडताना तो पहिल्यासारखा दिसायचा.

आधी त्याला बांगडीएवढं दिसायचं, मग अंगठीएवढं, मग नुसता उजेड. बोलणाऱ्या कॉम्प्युटरचा कोर्स करून तो एका पतसंस्थेत फोनवर बसू लागला. मला नोकरी लागली, मी लॅपटॉप घेतला. एका रविवारी जेवणं झाल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, बुरुजचे जुने भाग आता नेटवर मिळतात म्हणे, चौथा लाव.

"आता कशाला?"

"खेळ आणि मला सांग. बाकीचे खरं सांगत नाहीत."

मी लावला. तो पलंगावर मांडी घालून माझ्या बोटांचे आवाज ऐकत बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हणाले.

"काहीतरीच."

"चांगला आहे. दुसऱ्यापेक्षा चांगला आहे. जिने बघ कसे केलेत."

मग आमची जुंपली. तो कंपनीवर घसरला, मी त्याच्या अकलेवर. आई दारात येऊन बघून गेली. किती दिवसांनी त्याचा आवाज असा चढला होता. मग एकदम आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि उजेड?"

"पुरेसा आहे."

"बाजूने येणारा आधी दिसतो?"

"त्याची सावली पडते भिंतीवर. आधी सावली येते, मग तो येतो."

"सावली," तो म्हणाला. त्याला ती ठाऊकच नव्हती. थोडा वेळ तो पलंगाच्या कडेवरून हात फिरवत राहिला. "बरं. आता तिसरा लाव. तळघर."

मी तिसरा लावला आणि तळघरापर्यंत पोचले. प्रत्येक खांबावर दिवा होता. फरशीचे जोड मोजता आले असते इतका लख्ख उजेड. तिसरा आला तेव्हा दादा आठवीत होता.

"अंधार आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "मिट्ट अंधार आहे. तुझंच बरोबर होतं, तिथूनच यांची वाट लागली."

मी कुठली तरी बटणं दाबत राहिले, पडद्यावर माणूस कधीच मरून पडला होता.

"तू माझं बरोबर म्हणालीस," दादा म्हणाला.

मी तिसरा बंद केला. यादीत पुढची ओळ दुसऱ्या भागाची होती, त्याच्या आवडत्या. माझं बोट तिथे गेल्याचं त्याला कसं कळलं कोण जाणे, कदाचित मी थांबले म्हणून.

"दुसरा नको लावूस," तो म्हणाला.