गोदीचे चिंचोके

कुठल्याही शाळेत चार वर्षं काढा, अंगाला खडू आणि डोक्याला किस्से चिकटतातच. मला तर वर्गात पाऊलही टाकू देत नव्हते, म्हणून खडू चिकटायचा राहून गेला आणि किस्सेच दुप्पट चिकटले.

तर निजामाच्या अमलात मोमिनाबादेला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, घोडेस्वारांच्या रिसाल्याची छावणी होती. गोऱ्या साहेबांनी तिथं स्क्वॉशचं कोर्ट बांधलेलं. चार उंच भिंती, एक ठेंगणं दार, वर आभाळ. भिंतीवर चेंडू मारायचा, उलटून आला की दुसऱ्यानं मारायचा, एवढाच खेळ. मी तिथला मार्कर, साहेबांना खेळवणारा आणि पॉइंट ओरडून सांगणारा. रिसाला गेला, साहेब गेले, भिंती आणि मी राहिलो. मग शेजारी मुलींची शाळा निघाली आणि मी झालो ड्रिलमास्तर. मोठ्या बाईंनी नऊ पोरी माझ्या हवाली केल्या. कुणाचं अक्षर उलटं पडायचं, कुणाला अंक टिकायचे नाहीत. शाळा त्यांना सरळ 'मठ्ठ वर्ग' म्हणायची.

बाई म्हणाल्या, "यांना शिकवू नका मास्तर, नुसतं दमवा. वर्गात झोपल्या तरी चालतील."

*

आधी पोरींचे बाप अडून बसले. गोदीचा बाप किराणा दुकानदार, कपाळावर भस्माचे पट्टे. तो येऊन कोर्टाभोवती दोनदा फिरला, भिंती ठोकून पाहिल्या.

"भाईरून कुणाला दिसत न्हाई नव्हं?"

"पाखरांशिवाय कुणालाच न्हाई."

"मग लई चांगला खेळ हाय. आमच्या घराच्या भिंती बी एवढ्या उंच न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरी हजर. शिक्षणासाठी नव्हे, भिंतींसाठी!

*

मैनाला डावं-उजवं कळत नसे. "डावीकडं पळ" म्हटलं की ती जागच्या जागी गिरकी घ्यायची. म्हणायची, "एक बाजू तरी बरोबर यील की."

मग मी डावं-उजवं सोडूनच दिलं. एका भिंतीवर लिंबाची फांदी वाकलेली, दुसरीपलीकडं जुना तबेला. "लिंब" ओरडलं की लिंबाकडं, "तबेला" ओरडलं की तबेल्याकडं. आठ दिवसांत पोरगी चेंडूच्या आधी पोचायला लागली.

वरच्या दफ्तराचा कारकून पाहणीला आला. आत न येताच भिंतीबाहेर तासभर ऐकत बसला. महिन्यानं हुकूम आला, 'खेळात लिंबाचा वारंवार व्यत्यय होतो, सबब लिंब तोडावा.'

लिंब तोडला. म्हटलं, झालं पोरीचं वाटोळं. भीतभीत ओरडलो, "लिंब!" मैना बरोबर तिकडंच.

"कसं कळलं गं?"

"झाड नेलं मास्तर त्यांनी. जागा हितंच हाय की."

*

साहेबांच्या जुन्या रॅकेटींच्या ताती तुटलेल्या. नव्या रॅकेटींसाठी दरखास्त केली. ती चार वेळा परत आली, एकदा शाईचा रंग फिका म्हणून. शेवटी पेटी आली. आत बारा पाट्या. सोबत चिठ्ठी, 'रॅकेट यादीत नाही, पाटी आहे.'

मी खाटा-बाजा विणणाऱ्याला गाठून जुन्या रॅकेटी सुतळीनं विणून घेतल्या. तोवर मैनानं पाटीनंच चेंडू मारून पाहिला. पाटीचे तीन तुकडे. मोठ्या बाई कडाडल्या, "अगं, पाटी कशाला असते?"

"ठाऊक न्हाई बाई. पर पाटीवर मला आज पैल्यांदाच काय तरी जमलं."

*

गोदीची गोष्ट मात्र निराळी. तिचे अंक तीनपर्यंत जायचे, पुढं एकदम सात. म्हणून मी दाराशी मातीचे दोन पसरट परळ ठेवले. पॉइंट ज्याचा, त्याच्या परळात चिंचोका टाकायचा.

त्या साली हुकूम आला, जिला वीसपर्यंत मोजता येत नाही तिचं नाव कापा. नाव कापलं की बाप सोयरीक ठरवणार, हे दहा वर्षांच्या गोदीलाही ठाऊक होतं.

"मास्तर, नाव कापल्यावर कोर्टात येऊ द्याल का मला?"

मला खोटं बोलवेना. मी चेंडू तिच्या हातात दिला. ती चेंडू मारत मारत घोकत राहिली, "एक, दोन, तीन, सात..."

इन्स्पेक्टर साहेब आले. हैदराबादेच्या क्लबात आपण कसे खेळायचो हे त्यांनी तीनदा सांगितलं. गोदी त्यांच्यापुढं सातावर अडली. बाईंनी रजिस्टर उघडलं, टाक शाईत बुडवला.

"ठहरो," साहेब म्हणाले, "आधी हिचा खेळ पाहू." शेरवानी खुंटीला लावली, रॅकेट घेतली. मला म्हणाले, "मार्कर नको. हिसाब मी ठेवतो."

खेळ पंधरा पॉइंटांचा. साहेब पळत होते, गोदी पळवत होती. पॉइंट कुणाचाही असो, ती दाराशी जाऊन त्याच्या परळात चिंचोका टाकून येई. साहेबांना वाटलं, पोरगी दम खातेय. बऱ्याच वेळानं साहेब भिंतीला टेकले आणि म्हणाले, "पंधरा. आम्ही जिंकलो."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. नोकरीचा माणूस मी, दुसरं काय करणार?

गोदी दोन्ही परळ घेऊन आली आणि साहेबांच्या बुटांपाशी बसली. त्यांचा एक चिंचोका मांडला, शेजारी आपला एक. पुन्हा त्यांचा एक, आपला एक. जोड्यांची रांग लागली. साहेबांचा परळ रिकामा झाला. गोदीच्या परळात अजून चिंचोके होते.

"मला मोजता येत न्हाई साहेब," ती म्हणाली. "पर तुमचे सरले. माझे उरले."

साहेबांनी घाम पुसला. शेरवानी चढवली, सावकाश सगळी बटणं लावली. मग बाईंकडं वळले.

"लिहा बाई. आज इथं खेळ झालाच नाही. आणि ही मुलगी हिसाबात पास."