मीटरला लावलेलं कुंकू

लोहाऱ्याच्या एका तेल कारखान्यात सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. तेल खवट होऊ नये म्हणून टँकरमध्ये वर नायट्रोजन भरलेला असतो. टँकर रिकामा झाला तरी तो आत रेंगाळतो, आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून धुणारा माणूस आत उतरण्याआधी मी ऑक्सिजनचं मीटर दोरीनं आत सोडतो. ऑक्सिजन कमी असला की ते किंचाळतं. टॉर्च मारून आकडाही वाचायचा असतो. पण वाकायचा मला कंटाळा. कान शाबूत आहेत की, असा माझा तोरा.

गेल्या खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. पाने, पक्कड, मोटारी यांच्या रांगेत मी हौसेनं मीटरही मांडलं आणि त्यावर ओल्या हळदीकुंकवाचं जाड बोट ओढलं. दुपारी टँकर लागला. मीटर आत सोडलं, आवाज आला नाही. "उतरा," म्हणालो.

धुणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. चार पायऱ्या उतरले आणि कमरेच्या दोरीला लोंबकळले. आम्ही तिघांनी त्यांना वर ओढलं, नळाजवळ मोकळ्या हवेत निजवलं. शुद्धीवर आल्यावर तेच ओशाळून म्हणाले, "नऊ दिसाचा उपास हाये न जी. म्हून गरगरलं."

सगळ्यांना ते पटलं. मॅनेजरांनी त्यांनाच झापलं आणि टँकरवरून काढून झाडलोटीला लावलं. मीटर खिशात घालून मी शेजारीच उभा होतो. नंतर संडासाची कडी लावून काडीनं टोकरलं, तर मीटरच्या आवाजाच्या भोकातून वाळलेलं कुंकू निघालं. फुंकर मारली, तसं माझ्या उच्छ्वासातल्या कमी ऑक्सिजननंच ते किंचाळलं. मी घाईघाईनं त्याला बंद केलं. स्वतःची किळस आली, तरी बाहेर येऊन चकार शब्द काढला नाही.

दसऱ्याला काका सोनं द्यायला घरी आले. खरं तर मीच त्यांच्या पाया पडायला हवं होतं. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "माह्या उपासापायी तुमच्यावर बोल आला असता, साहेब. माफ करजा."

मी पानं घेतली. म्हणालो, "पुढच्या वर्षी उपास धरू नका."

यंदा त्यांनी धरला नाही. टँकरवर मात्र त्यांना अजून कुणी घेतलेलं नाही.