गुणाबाईचा न गोठलेला मध

गुणाबाईचा हात सैल. अहेरीजवळच्या तळ्याकाठच्या त्या गावात हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. मासे विकायला बसली की पारडं झुकवून द्यायची आणि वर मूठभर झिंगे टाकायची. नवरा गेल्यावर तरी बाई शहाणी होईल असं भावकीला वाटलं होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि गुणाबाई तर चांगली धडधाकट होती.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आजच्या चंद्रपुरातच, मोडायचा. त्या चैत्रात तिच्या कमळेला पाहायला सिरोंच्याची सुगंधाबाई यायची होती. सुगंधाबाईच्या मुलाला, मनसारामला, कमळा पसंत, कमळेलाही तो पसंत. अडलं होतं ते त्याच्या आईच्या होकारापाशी, आणि आई मोठी फटकळ.

गुणाबाईनं ठरवलं, पाहुणीला बर्फाची मिठाई खाऊ घालायची. तिचा भाऊ पत्रू मोटारीवर क्लीनर होता. त्यानं चांद्याहून बर्फाची लादी भुशात नि पोत्यात गुंडाळून टपावरून आणली. निघाली तेव्हा लादी होती, पोचली तेव्हा उशीएवढी उरली होती.

महाकालीच्या जत्रेत पत्रूनं ही कला पाहिली होती. बादलीत बर्फ आणि मीठ, मधोमध डबा, डब्यात गोड पाणी, आणि डबा फिरवत राहायचा. "पण गोड बेतानं टाकजो, बाई," तो म्हणाला.

"पाहुणीले बेतानं?" गुणाबाई उसळली. साखर घरात चिमूटभर होती, पण रानातला मध काढणाऱ्या सुकरीकडून माशांच्या बदल्यात मिळालेला मोहाच्या दिवसांतला मध मडकंभर होता. इकडची रीतच अशी की पाहुण्यासमोर मध आला तर मडकं उपडं करायचं, तळाशी ठेवायचा नाही. तिनं सगळा ओतला. पाणी नावाला घातलं.

पाहुणी ओसरीवर बसली आणि मागच्या अंगणात डबा फिरू लागला. गुणाबाईनं फिरवला, पत्रूनं फिरवला. झाकण काढून पाहिलं तर मध जसाच्या तसा. फक्त जड झाला होता, चमचा ओढावा लागत होता. शेजारी त्याच बर्फात पत्रूनं साध्या पाण्याची लोटी रोवली होती. ती मात्र पांढरीशुभ्र, सुयासुयांनी भरून टणक झाली होती.

"मीठ बराबर हाये, बर्फ बराबर हाये," पत्रू कपाळावर हात मारत म्हणाला. "तुह्या मधानंच घात केला!"

आता यात मधाचा काय दोष? पाण्याला बर्फ व्हायचं तर शिस्तीनं पंगतीत बसावं लागतं. इथे मधाची एवढी गर्दी की पाण्याला पाट मांडायला जागाच नाही. मग थंडी वाढली की जो तो उभा आहे तिथेच खिळायला लागतो. तसा खिळत गेलेला तो मध काचेसारखा आरपार दिसत होता. गुणाबाईला पंगती कळत होत्या, पण हे कळलं नाही. तिला एवढंच दिसलं की बर्फ विरघळला आणि पोरीचं नशीबही त्याच्याबरोबर चाललं.

"आई, तसंच दे," कमळा म्हणाली. "लपवायचं काय त्यात?"

पळसाच्या द्रोणातून तो थंडगार गोळा पुढे गेला. सुगंधाबाईनं बोट लावलं, मध ताणला गेला. तिनं चाटला. मग बोट फिरवून सगळा द्रोण पुसून काढला.

"मंचिदी," ती म्हणाली. सिरोंच्याची बाई, खूश झाली की तेलुगूत बोलायची. "काऊन व जमला नाई हा?"

गुणाबाईला खोटं सुचलं नाही. "मध जास्त झाला, बाई. होता तेवढा टाकला."

"सगळा?"

"सगळा."

"पोरगी बी अशीच का?"

आता संपलं, असं गुणाबाईला वाटलं. तरी ती म्हणाली, "अशीच हाये. मीच शिकवलं."

सुगंधाबाईनं रिकामा द्रोण खाली ठेवला.

"माह्या सासूनं मले बारा वर्सं मोजून भात वाढला," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरं पोटात असतानी बी मोजून. सून पायतानी मी एकच पायते, तिचा हात." मग तिनं कमळेला जवळ ओढलं आणि तिचा मधानं चिकट झालेला तळवा आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.