अर्धी ओढून विझवलेली

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी कंत्राटी ऑपरेटर होतो. वय चोवीस. वडगाव रासाईचा एक पोरगा माझा रूमपार्टनर. शिफ्ट एकच आणि सिगारेटीही बरोबरच.

एके सकाळी टपरीवाल्या आप्पांनी सुटे पैसे कमी दिले.

"आप्पा, चार रुपये कमी हायेत."

"भाव वाढला. परवडत न्हाई तर सोडा की. कोण धरून ठेवलंय?"

पार्टनरनं हातातली सिगारेट तशीच परत बरणीवर ठेवली. "माझी आजपासून बंद." मी हसलो. आठवडाभर तो उगाच भांडायचा, जेवताना ताट सरकवायचा, पण टपरीकडं फिरकला नाही.

सोडायची मलाही होती. पण मी पळवाटा काढत राहिलो. आधी स्वस्तातली ओढून पाहिली, घसा सोलवटला. मग अर्धी ओढायची, विझवायची आणि उरलेली खिशात ठेवायची. दिवसाला सहाच्या तीन झाल्या, म्हणून मला वाटायचं, आपणही सुटत चाललोय.

गेटवर काडेपेटी, लायटर काढून ठेवावं लागायचं. आत सॉल्व्हंटचे ड्रम. नव्या पोरांना मीच सांगायचो, वाफ डोळ्यांना दिसत नाही, तिला एक ठिणगी पुरते. तरी त्या दिवशी मी लायटर मोज्यात घालून आत गेलो. सकाळची शिफ्ट संपली, पण पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही आणि आम्हा दोघांना थांबवून घेतलं. चार वाजेपर्यंत डोकं भणभणायला लागलं. मी ड्रमच्या शेडमागं गेलो, अर्धुकी ओठात धरली आणि लायटरच्या चाकावर अंगठा ठेवला.

"हलू नको."

पार्टनर दहा पावलांवर उभा होता. आवाज चढवला नव्हता, पण तोंड पांढरं पडलं होतं.

"दोनच झुरके रे."

"पायाखाली बघ."

माझ्या बुटापर्यंत एका ड्रमखालून ओल आली होती. गोडसर वास कधीपासून येत होता, पण माझं नाक सिगारेटीच्याच मागं होतं.

"अंगठा काढ. हळू."

अंगठा निघेना. बोटं आखडली होती. त्यानं जवळ येऊन ती एकेक करून सोडवली, लायटर मुठीत घेतला आणि मला ओढत बाहेर आणलं. गळतीचं त्यानं ओरडून सांगितलं. मग माझ्याकडं वळला.

"सायबाला तू सांगतो का मी सांगू?"

मीच सांगितलं. त्याच संध्याकाळी माझा गेटपास काढून घेतला.

त्याच्यावर राग धरून मी आणखी तीन आठवडे ओढली, मुद्दाम त्याच्यासमोर, वाढलेल्या भावाची, अख्खी. तो उठून बाहेर जायचा. एकदा तो दाराशी चपला शोधत होता आणि त्याचे हात थरथरताना दिसले. सिगारेट सोडून इतके दिवस झाले होते, तरी तलफ गेली नव्हती. मी हातातली विझवली.

आता मी कासुर्डीजवळ एका गोदामात आहे. सिगारेटीचा भाव पुन्हा वाढला म्हणतात. कितीनं, ते मी विचारलेलं नाही.