व्हर्नाची रिकामी खुर्ची

“सह्या चारशे बारा आणि मतपत्रिका चारशे अकरा,” ग्लेन म्हणाला. “हे मी नाही म्हणत, तुमच्याच कागदावर आहे. एक मत गेलं कुठे, तेवढं सांग.”

“सूप गार होतंय,” आर्लीन म्हणाली.

“बघ टेरी, तुझी आई नेहमी अशीच निसटते.”

टेरीनं ब्रेडला लोणी लावणं थांबवलं नाही. रविवारी जेवायला यायचं म्हणजे हे ऐकायचं, हे तिला ठाऊक होतं. सहा वर्षं ते एक मत या टेबलावर वाढलं जात होतं.

आज मात्र त्याला कारण होतं. शेफर्स गॅप गावाचं मतदान अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं आणि सह्या घेणाऱ्या टेबलावर दोन्ही पक्षांचं एकेक माणूस लागतं. डेमोक्रॅटांकडून आर्लीन होती. रिपब्लिकनांकडून, म्हणजे ग्लेनच्या पक्षाकडून, एकवीस वर्षं बसलेली व्हर्ना उन्हाळ्यात मुलाकडे दक्षिणेत राहायला गेली. तिच्या जागी कोणी मिळेना. बुधवारपर्यंत नाव आलं नाही, तर केंद्र बंद करून सगळ्यांना अठरा मैलांवरच्या शाळेत पाठवणार, असं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसातून शुक्रवारी कळवलं होतं.

आर्लीननं आधी शर्टांच्या कारखान्यात बाह्या शिवल्या, कारखाना बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले. तिला कशाचाही मान मिळाला नव्हता आणि त्याचं तिला फारसं वाटतही नव्हतं. पण वर्षातून दोनदा भल्या पहाटे ती चांगला स्वेटर घालून हॉलची खुर्ची ओढून बसे, तेव्हा सारं गाव तिच्यासमोर येऊन सही करी. संध्याकाळी मतपत्रिकांची सीलबंद पिशवी घेऊन ती आणि व्हर्ना एकाच गाडीतून काउंटीला जात. एकटीनं न्यायची नाही, असा नियमच होता. गाडीत राजकारण निघत नसे. व्हर्नाचे गुडघे आणि आर्लीनच्या नणंदा, एवढ्यात रस्ता संपे.

घरी तसं नव्हतं. अंगणात गाडीवाटेच्या एका बाजूला ग्लेनच्या उमेदवाराची पाटी, दुसऱ्या बाजूला तिच्या उमेदवाराची. गवत कापताना तो दोन्ही पाट्या उपटे आणि दोन्ही परत सरळ रोवे.

“आमच्यातलं कुणी त्या टेबलावर बसणार नाही,” ग्लेन म्हणाला. “तिथे बसायचं म्हणजे त्यांच्या लबाडीवर आपण सही करायची. शेजारचा डेलही तेच म्हणतो.”

“डेल म्हणतो. शाळेत मग डेल तुझ्या बहिणीला नेणार आहे? बर्फ पडला तर म्हातारी माणसं अठरा मैल जाणार?”

“तुमच्या पक्षाला बरंच आहे की.”

“हो, बरंच आहे. काल रॉजरचा फोन होता, आमच्या समितीचा. म्हणाला, होऊ दे बंद, तिथे आपण तीनास एक हरतो. यंदा वॉशिंग्टनच्या संसदेतली ही जागा चार-पाचशे मतांवर अडकलीय.”

ग्लेननं चमचा खाली ठेवला. “मग तू काय म्हणालीस?”

“फोन ठेवला.”

टेरी हसली. ग्लेन हसला नाही. “ते सगळं ठीक आहे. पण ते एक मत—”

“तुझ्या शिकारीच्या कोटात होतं.”

आर्लीननं ब्रेडची टोपली टेरीकडे सरकवली.

“त्या वर्षी तू सही केलीस, मतपत्रिका भरलीस, आणि ती यंत्रात घालायच्या आधीच डेलशी कुंपणावरून भांडत बसलास. भांडत भांडतच बाहेर गेलास. मार्चमध्ये कोट धुवायला काढला तेव्हा आतल्या खिशात घडी केलेली मतपत्रिका सापडली. मी आणि व्हर्नानं ती काउंटीला नेऊन दिली, लेखी कळवलं. गावात सांगितलं नाही.”

“सहा वर्षं?”

“व्हर्ना म्हणाली, तुझा नवरा आहे, तूच सांग. मी म्हटलं, तुमच्या पक्षाचा आहे, तू सांग.”

“म्हणजे बाबा, तुमच्याच उमेदवाराचं एक मत तुम्हीच चोरलंत,” टेरी म्हणाली.

“तू जेव.”

त्यानं सूप संपवलं, भांडं सिंकमध्ये नेलं आणि ते दोनदा धुतलं. खिडकीबाहेर दोन्ही पाट्या वाऱ्यानं थोड्या कललेल्या होत्या. आर्लीननं टेबल पुसायला घेतलं. तिला त्याला हरवायचं नव्हतं. तिला बुधवारच्या आत एक माणूस हवं होतं, आणि कोणाला विचारावं अशी गावात सात नावं होती. सातही जणांनी नाही म्हटलं होतं.

“नवरा-बायको एका टेबलावर चालतात?” तिच्याकडे पाठ ठेवूनच ग्लेननं विचारलं.

“पक्ष वेगळे असले की चालतात. मी विचारून ठेवलंय.”

“केव्हा विचारलंस?”

“शुक्रवारी.”

त्यानं हात पुसले, टॉवेल ओव्हनच्या दांडीवर टाकला.

“उद्या सकाळी मी काउंटीत जाऊन नाव देतोय,” तो म्हणाला. “मतदानाच्या दिवशी आम्ही दोघंही घरी नाही. टेरी, कुत्र्याकडे तू बघायचंस.”